बिनतिळाचं घर

लोक काश्मीरला जाऊन येतात, दुबईला जाऊन येतात आणि परतल्यावर लिहितात. मी आणि माझी बायको वनिता यंदा जानेवारीत आर्वीला आणि गिरडला जाऊन आलो. दोन्ही गावं आमच्याच वर्धा जिल्ह्यातली. सकाळी एसटीत बसलं की दुपारच्या जेवणाला पोचता येतं. तिकडे जायला धीर लागतो असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण या एवढ्याशा प्रवासात मी जितका घाबरलो तितका आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. आणि मुळात मी घाबरट माणूस आहे, हे माझं कोणतंही गिऱ्हाईक सांगेल.

दुकान भांड्यांचं. वडिलांनी वर्ध्याच्या बाजारात टाकलं, आता मी चालवतो. स्टील, पितळ, थोडं तांबं, आणि हल्ली नाइलाजाने नॉनस्टिकसुद्धा. घर पिपरी मेघेला. या धंद्यामुळे एक खोड लागली आहे. कोणाच्याही घरी गेलो की माणसाच्या तोंडाआधी माझी नजर पाण्याच्या भांड्याकडे जाते. पेला जड की हलका, काठ वळवलेला आहे का, तांब्याला पोचा आहे का. वनिता चारचौघांत मला कोपर मारते, पण सवय काही जात नाही.

आमची मुलगी रेणू शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. संक्रांतीच्या आठवड्यात हिंगणघाटहून तिला बघायला पाहुणे आले. मुलगा चांगला, त्याचे आईवडील बोलायला गोड, आणि सोबत मुलाची आजी. आजीचा पेहराव साधा, नजर मात्र दुकानात भांडं ठोकून बघणाऱ्या बाईसारखी. वनिताने पोह्यांनंतर लाडू आणले. आजीने एक उचलला, वास घेतला.

"हे तं जवसाचे हायेत. संक्रांतीचे तीळ कुठं हायेत?"

वनिता कौतुकाने म्हणाली, "आमच्यात तीळ चालत नाही. सासरी नाही आणि माझ्या माहेरीही नाही. दोन्हीकडे जवसाचेच लाडू. लग्न होऊन आले तेव्हा मला काही शिकावंच लागलं नाही."

हे वाक्य ती लग्नापासून सांगत आली आहे आणि ऐकणारे नेहमी हसतात. आजी हसली नाही. तिने लाडू परत ताटलीत ठेवला.

"दोन्हीकडं नाई? तीळ वर्ज्य असनारं कूळ मी तं एकच ऐकलं, बाई. मंग तुमचं दोघांचं कूळ एकच झालं न?"

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका कुळातले म्हणजे भाऊबंद. त्यांच्यात लग्न होत नाही. आजीने हळू आवाजात जे विचारलं त्याचा सरळ अर्थ असा, की समोर बसलेले हे नवरा-बायको खरं तर बहीण-भाऊ आहेत का.

मुलाच्या वडिलांनी विषय सोयाबीनच्या भावाकडे वळवला. आजी जाताना मात्र दारात थांबली. "मले भांडन नाई करायचं. पोरगी मले आवडली. पन तुमचं कूळ कोनतं ते नक्की सांगा, मंग पुढचं बोलू."

आणि मला ते माहीत नव्हतं. वडील एवढंच सांगत, की आपण आर्वीचे, आईबाप लहानपणी गेले, काकाने वाढवलं. कुळाचं विचारलं की म्हणत, "देवाले हात जोडले की झालं." तीळ न खाण्याचा नियम आई पाळायची, तोही कडक. मी तो कधी तपासून पाहिला नव्हता. आपल्या घरात तीळ नाही याचा शोध घ्यावा असं कोणाला वाटेल?

पाहुणे गेले आणि आमच्या घरात भीती राहायला आली. वनिता वाढताना माझ्याकडे पाहीना. सोफ्यावर शेजारी बसायची ती समोरच्या खुर्चीत बसू लागली. एक दिवस माझ्याकडे बराच वेळ रोखून पाहून म्हणाली, "तुमचे कान आमच्या मोठ्या दादासारखे आहेत." मी दुकानात जाऊन परातीत स्वतःचे कान पाहिले. सारखेच होते. म्हणजे मला तसे वाटले. भीती वाटू लागली की सगळ्यांचेच कान सारखे दिसतात.

"खरंच तसं निघालं तर काय करायचं?" तिने एकदा विचारलं. एवढ्या वर्षांच्या संसाराला काय म्हणायचं, आणि रेणूला काय सांगायचं? फोनवर कोणाला विचारावं तर ती गोष्ट भाऊबंदांत पसरायला दुपार पुरली असती. म्हणून आम्ही निघालो.

आर्वी

थंडी छान होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीची शेवटची वेचणी चाललेली, तुरीच्या शेंगा वाळून खुळखुळायला आलेल्या, मधूनमधून हरभऱ्याचे हिरवे तुकडे. एरवी मी खिडकीची जागा सोडत नाही. त्या दिवशी वनिताने खिडकी घेतली आणि आमच्या दोघांच्या मधे पिशवी ठेवली. पिशवीत पुंडलिककाकांसाठी वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा पुडा होता. तिला तो मांडीवर ठेवता आला असता.

पुंडलिककाका म्हणजे वडिलांना ज्यांनी वाढवलं त्यांचे चिरंजीव, माझ्या समजुतीप्रमाणे वडिलांचे चुलतभाऊ. ऐंशीच्या पुढचे, पाठीत वाकलेले, आवाज मात्र खणखणीत. लहानपणी मी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे जायचो, पण त्या दिवसांतलं मला आमरसाशिवाय काही आठवत नाही. त्यांचं जुनं भांड्यांचं दुकान आता बंद आहे. त्याच्याच मागे दोन खोल्यांत ते आणि काकू राहतात, मुलगा शेती पाहतो.

काकूंनी पाणी आणलं. जुना पितळी तांब्या, चिंचेने घासून लख्ख, आणि गळ्याखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं आजोबांचं नाव. माझ्याही दुकानात भांड्यावर नाव घालून देतो. लग्नसराईत मशीन दिवसभर घरघरतं. त्या नावावर बोट फिरवताना पहिल्यांदा मनात आलं, की मी गावभरच्या लोकांची नावं घालत बसलो आणि माझ्या भांड्यावर घालायचं नाव मला धड माहीत नाही.

आमच्या वर्ध्यात पाहुण्याला "जेवता का?" असं विचारतात. आर्वीत विचारत नाहीत, ताट समोर येतं. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी आणि बाजूला काळसर चटणी. मी भाकरीचा तुकडा चटणीत बुडवणार तोच वनिताने माझं मनगट धरलं. पाहुणे येऊन गेल्यापासून तिने मला केलेला तो पहिला स्पर्श.

"काकू, ही चटणी कशाची?"

"तिळाची. काऊन? तिखट लागून राह्यली का?"

"तुमच्यात तीळ चालतो?"

"लो! तिळाबिगर जेवन जाते का?" काकू हसल्या. "संक्रांतीले पायली पायली तीळ कुटला हाय म्या या घरात."

माझा घास हातातच राहिला. ज्या घरात वडील वाढले त्या घरात तीळ चालतो. मग आमच्या घरी तो कुठून वर्ज्य झाला? मी काकांना सगळं सांगितलं. हिंगणघाटची आजी, तिचा प्रश्न, सगळं. काका जेवायचे थांबले. काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान खाली घातली आणि उगाच मीठ वाढलं.

"तुया बापानं नोको म्हनलं होतं," काका म्हणाले, "पन तो गेला, आता मीबी किती दिवस राह्यतो? सांगून देतो. तो आमच्या रक्ताचा नाई."

मग त्यांनी जे सांगितलं ते एका सिनेमात शोभलं असतं. तसल्या सिनेमाला मी हसलो असतो. आजोबा, म्हणजे काकांचे वडील, दरवर्षी भांड्यांची बैलगाडी घेऊन गिरडच्या जत्रेला जात. रस्त्यात भांडी एकमेकांवर आपटू नयेत म्हणून गाडीत गवत भरलेलं असे.

"जत्रा करून बाबा परत निंगाले. लय दूर आल्यावर बैलं सोडले अन् गवत उपसाले गेले, तं आत पोट्टं! गाढ झोपलेलं. पाचेक वरसाचं असंन. बाबा उलट फिरले. पन तवापर्यंत जत्रा उठून गेलती. गावात विचारलं, दर्ग्यात विचारलं, पाटलाले सांगतलं. आठ दिस थांबले. कोनी आलं नाई."

"त्यांनी आपलं नाव नाही सांगितलं?"

"नाव विचारलं की रडे. मंग बाबानंच नाव ठेवलं. तोच तुया बाप."

"पण जात, धर्म, काहीतरी?"

"अरे, पाच वरसाच्या पोट्ट्याले कायची जात माहीत राह्यते?" काका थोडे चिडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमी कोनाले पत्ताच लागू देला नाई. भावाचं पोरगं म्हनून सांगतलं. तुयं लग्न झालं तवा मले तुया बाप म्हने, पुंडलिक, मी तुया चुलतभाऊच हाय, आता दुसरं काई बोलायचं नाई."

निघताना काकूंनी संत्र्यांची पिशवी हातात दिली आणि "येजो रे बाबू" म्हणताना त्यांचे डोळे भरले. आम्ही डेपोत आलो. फलाटावर बसल्यावर वनिता हळूच म्हणाली, "गिरड."

"हो."

"माझं माहेर गिरडचं."

मला तिचं म्हणणं उशिरा समजलं. तिच्या माहेरी तीळ वर्ज्य. तिचं माहेर गिरड. वडील गिरडच्या जत्रेत सापडलेले आणि आमच्या घरी तीळ वर्ज्य. इतके दिवस प्रश्न एका कुळाचा होता. आता तो एका घराचा झाला.

"आमच्याच घरचं हरवलेलं पोर असेल तर?" ती म्हणाली. "माझ्या आजोबांचा मुलगा असेल तर? म्हणजे तुमचे वडील माझे काका."

त्या घाबरलेल्या अवस्थेत मी समोर लागलेल्या गाडीचा बोर्ड न वाचता तिला आत चढवलं. गाडी पुलगावची निघाली. कंडक्टरने तिकीट मागितल्यावर कळलं आणि त्याने आम्हाला मधल्याच एका फाट्यावर उतरवलं. तिथे चिंचेखाली संत्री सोलून खात आम्ही दुसऱ्या गाडीची वाट पाहिली. मी तिच्यासाठी फोडी सोलून देत होतो आणि तेही करावं की नाही असं मला वाटत होतं.

गिरड

गिरडला जाण्याआधी काही दिवस आम्ही नुसते टाळत राहिलो. दुकानात माल आला, रेणूच्या शाळेत स्नेहसंमेलन झालं, कारणं सापडत गेली. शेवटी वनिताच म्हणाली, "मरणाच्या भीतीनं रोज मरण्यापेक्षा एकदा जाऊ."

तिकडे विचारायचं कोणाला हे ठरलेलं होतं. तिच्या वडिलांची थोरली बहीण, लीलाआत्या. आमचं लग्न तिनेच जमवलं होतं. घरातली जुनी माणसं गेली, ती एकटी उरली आहे. तिला फोन करून उपयोग नव्हता, कारण फोनवर तिला काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

हिंगणघाटला गाडी बदलावी लागते. स्टँडवर मी मफलर नाकापर्यंत ओढून बसलो, न जाणो मुलाकडचं कोणी भेटलं तर! वनिता म्हणाली, "असे बसलात तर पोलीस विचारायला येतील." समुद्रपूर गेलं, आणि पुढे काळ्या रानातून एकदम वर आलेली गिरडची टेकडी दिसू लागली. मी लग्नानंतर किती वेळा ती पाहिली असेल, सासुरवाडीची टेकडी म्हणून. त्या दिवशी ती माझी जन्मभूमी असू शकत होती.

वनिता म्हणाली, आधी वर जाऊ. शेख फरीदबाबाच्या दर्ग्यात नवस बोलायला आणि फेडायला सगळेच येतात. पायऱ्या चढताना आमच्या पुढे एक नऊवारीतली बाई नारळ घेऊन जात होती आणि मागे एक मुसलमान कुटुंब बाळाला घेऊन. टेकडीवर सुपारी-जायफळासारखे गोल दगड सापडतात. लोक सांगतात, एका व्यापाऱ्याने बाबाशी खोटेपणा केला आणि त्याच्या मालाचे दगड झाले. लहानपणी वनिताला ती गोष्ट आवडायची. मी दुकानदार असल्याने मला ती पहिल्यापासून आवडत नाही, आणि त्या दिवशी तर मी तसल्या एका दगडाला पायसुद्धा लावला नाही.

वरून खाली गाव दिसत होतं. जाणाऱ्या येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्यात मला माझं नाक दिसायला लागलं. फुलं विकणारा, दर्ग्याच्या पायरीवर बसलेला फकीर, चहावाला. यांच्यापैकी कोणीही माझा चुलता असू शकतो. हिंदू की मुसलमान, तेही मला माहीत नव्हतं. वनिताने चादरीवर डोकं टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही. काय मागितलंस म्हणून मी विचारलं नाही. मी तेच मागत होतो.

लीलाआत्या नातवाच्या घरी ओसरीवर उन्हात बसली होती. नातसुनेने स्टीलच्या जाड पेल्यांत पाणी दिलं, मीच त्यांच्या लग्नात आहेर केलेले. आत्याने वनिताचा गालगुच्चा घेतला, मला "जावईबापू" म्हणून जवळ बसवलं. आता विचारायचं. आणि इथे आमच्या लक्षात आलं, की आत्याला ऐकू जायचं तर ओरडावं लागणार.

"आत्या," वनिता तिच्या कानाशी म्हणाली, "आपल्या घरचं कोणी पोर जत्रेत हरवलं होतं का?"

"काय? जत्रा चैतात राह्यते."

"पोर! हरवलं होतं का?"

"कोनाचं पोर हरवलं?" आत्या घाबरून उठायला लागली. शेजारच्या अंगणातली बाई सूप घेऊन कुंपणापाशी आली. पलीकडून एक म्हातारा खाकरला.

माझ्या आयुष्यातला सगळ्यांत खाजगी प्रश्न मला सगळ्यांत मोठ्या आवाजात विचारावा लागला. "आत्या, आमच्या घरी तीळ काऊन नाई चालत? माझे वडील तुमच्या घरचे होते का?" गल्ली ऐकत होती. मी घाबरलो की माझी वऱ्हाडी आपोआप बाहेर येते.

आत्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसू लागली.

"तुया मायनं तुले नाई सांगतलं? अरे बापा! तो कुळाचार तुमचा नाईच. तो मी देला."

आत्याचं सासर आर्वीचं, गिरडला नातवाकडे ती म्हातारपणी आली. माझे आईवडील लग्न झाल्यावर आर्वीत तिच्या शेजारी राहायचे. आत्या बहिरी असल्याने जे सांगायची ते ओरडूनच सांगायची, तेव्हा तेही गल्लीने ऐकलं.

"तुया बापाले त्या घरच्या बुढीनं पोटच्या पोरावानी जेवू घातलं, पन कुळाची पूजा राह्यली की बाहेर बसवे. आमच्या देवाले परका हात नोको म्हने. मंग लगन झालं, तुई माय आली, तिलेबी त्या पूजेत घेतलं नाई. शेजारच्या बाया तिले विचारत, तुमचा कुळाचार काय? काय सांगन बिचारी? एक दिवस रडत माह्याकडं आली. लीला, म्हने, ज्या घराले कुळाचार नाई त्या घरात उद्या माह्या पोराले पोरगी कोन देईन?"

"मग?"

"मंग मी म्हनलं, माह्या माहेरचा घे. मले सासरी त्याचा काय उपेग? सासरी तीळ खावं लागे मले. पयल्या संक्रांतीले रडत रडत खाल्ले. तू सोड तीळ, म्हनलं, माह्या नावानं सोड. तिनं सोडले, ते मरेपर्यंत सोडले."

वनिता पुन्हा तिच्या कानाशी वाकली. "आणि... आपल्या घरचं पोर?"

"आपल्या घरचं कोनी नाई हरवलं, बाई. सात भावंडं, सातही डोळ्यांसमोर म्हातारी झाली." आत्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "म्हनून तं तुमचं लगन मी बिनघोर लावून देलं. मले माहीत होतं न, याले कूळच नाई. कोनासंगबी जमते!"

वनिता उठली. मला वाटलं ती आत जाऊन रडेल. तिने त्या सगळ्या लोकांसमोर माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही माझे कोणी लागत नाही," ती म्हणाली. हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अहो, तुम्ही माझे कोणीच लागत नाही!" कुंपणापलीकडच्या बाईला वाटलं असावं की या जोडप्याची आज सोडचिठ्ठी झाली.

मीही हसलो. आत्याच्या नातसुनेने पाटवडीचा रस्सा केला, तो मी भुरके मारत प्यालो, नाकातोंडातून पाणी येईस्तोवर. पण हात धुताना नवीन भीती येऊन उभी राहिली. हिंगणघाटच्या आजीला आता काय सांगायचं? आत्याने तोडगा काढला. "सांगून दे आमचंच कूळ! तुया मायले मी देलंच हाय."

"आत्या," मी ओरडलो, "तेच तर सांगता येत नाही! तेच कूळ वनिताचं आहे!"

आत्याला ते पटायला वेळ लागला. उसनं कूळ सांगावं तर मी माझ्या बायकोचा भाऊ. खरं सांगावं तर मी कोणीच नाही. पहिल्याने संसार मोडतो, दुसऱ्याने मुलीचं लग्न.

हिंगणघाट

परतीच्या गाडीत मी तिसरा मार्ग शोधत होतो. एखादं दूरचं कूळ सांगून टाकावं, चंद्रपूरकडचं, कोण तपासायला जातंय? वनिताला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या आईनं एकदा तेच केलं. त्याच्या पायी आपण काय भोगलं ते पाहिलं न?" स्टँडवर वर्ध्याची गाडी लागलेली असताना ती तिच्यात चढलीच नाही. रिक्षावाल्याला तिने मुलाच्या घरचा पत्ता सांगितला.

तांब्याच्या पेल्यांत पाणी आलं, जड, वळवलेल्या काठाचे पेले. आजी समोर बसली. मी सगळं सांगितलं, गवत, जत्रा, उसना कुळाचार. शेवटी म्हणालो, "आजी, मला कूळ नाही. जात कोणती तेही सांगता येत नाही. तुम्ही काय ते ठरवा." मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला. आईने आतल्या दाराकडे पाहिलं. पंखा बंद होता आणि खोलीत चांगलीच थंडी होती, तरी माझी पाठ ओली झाली.

मग आजीने विचारलं, "पोरीले सांगतलं?"

"नाही अजून."

"मंग पयले तिले सांगा. आमाले सांगायच्या आधी तिले कळाले पाह्यजे होतं. जा."

एवढंच. होकार नाही, नकारही नाही. त्यांचा होकार पुढे फेब्रुवारी संपता संपता आला, तोही मुलाने घरी ठाम राहून आणला असं नंतर कळलं. आजीने मात्र अजून मनापासून मान हलवलेली नाही आणि मी तिला दोष देत नाही. पण त्या संध्याकाळी यातलं काही आमच्या हातात नव्हतं, आणि पिपरी मेघेत रेणू वाट पाहत होती.

पिपरी मेघे

तिने वह्या तपासायला घेतल्या होत्या. पहिलीच्या मुलांच्या वह्या, वाकडेतिकडे क आणि ख. वनिता "मी भात टाकते" म्हणून आत गेली आणि मला एकट्याला सोडलं. मी सांगायला बसलो. मधूनमधून तिची समजूत घालत होतो, की हल्ली कूळबीळ कोणी पाहत नाही, हे लग्न गेलं तर दुसरं होईल, तुझ्या शिक्षणाला काय कमी आहे. माझाच आवाज मला खोटा वाटत होता. मुलीच्या तोंडाकडे पाहायची मला भीती वाटत होती.

मी थांबल्यावर ती म्हणाली, "बाबा, पाच वर्षांचे म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलांपेक्षाही लहान."

"हो."

"माझ्या वर्गातल्या मुलांना घ्यायला यायला आईला थोडा उशीर झाला तरी ती फाटकाला धरून रडतात." तिने हातातली वही मिटली. "आजोबा गवतातून उठले तेव्हा समोर सगळे अनोळखी होते. आणि मग कोणी आलंच नाही. बाबा, आजोबांना किती भीती वाटली असेल?"

कूळ, जात, लग्न, समाज, इतके दिवस मी या सगळ्यांना घाबरलो, आणि ते पोर एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. मला माझे वडील आठवले, बाजाराच्या गर्दीतले. ते माझा हात धरत नसत, मनगट धरत, आवळून. मी कॉलेजात जायला लागलो, त्यांच्यापेक्षा उंच झालो, तरी जरा गर्दी वाढली की त्यांची बोटं आपोआप माझं मनगट शोधायची. मला वाटायचं बापाचा धाक आहे.

"खूप वाटली असेल," मी रेणूला म्हणालो. आणि वडील जाऊन इतकी वर्षं झाल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्यासाठी रडलो, हरवलेल्या लहान पोरासाठी रडावं तसा.